उजवीकडं ओढणारी गाडी

अनुजाला गाडी चालवता येत नाही, असा निकाल सोमवारी सकाळी साडेआठ वाजता लागला, आणि निकाल देणाऱ्याने तेव्हा दातसुद्धा घासले नव्हते. तिचा नवरा राजवीर अंथरुणातूनच फोनवर म्हणाला, "घाबरून स्टिअरिंग ओढलं असशील."

ती हायवेच्या कडेला उभी होती. गोकुळ शिरगाव ओलांडल्यावर पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला म्हणून तिने ब्रेक दाबला. गाडीने सरळ थांबावं की नाही? पण ती उजवीकडे अशी झेपावली, की दुभाजकाचा काळा-पांढरा रंग दारावर उतरला. मागून येणारा दुधाचा टेम्पो डावीकडून वीतभर अंतराने निसटला आणि आतल्या माणसाने जाता जाता तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती वाचली कशी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मी ओढलं न्हाय," ती फोनवर ओरडली. "गाडीनं ओढलं!"

"गाडीला काय हात हाईत व्हय?" राजवीर म्हणाला. हा गृहस्थ राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवायचा. घर्षणावर तो दीड तास न थांबता बोलू शकत असे.

अनुजा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्याच्या तपासणी विभागात होती. ओतीव लोखंडाचे सुटे भाग येत, त्यांची मापं घ्यायची, केसाएवढा फरक दिसला तरी भाग बाजूला काढायचा. नऊ वर्षं हेच काम. मागच्याच आठवड्यात साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की दुसऱ्या पाळीचं प्रमुखपद रिकामं होतंय आणि ते तिला द्यायचं त्यांच्या मनात आहे. अडचण एकच होती. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि तेव्हा कंपनीची बस तिच्या घरापर्यंत, मंगळवार पेठेपर्यंत येत नाही. "स्वतःच्या गाडीने याल तर शनिवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल," असं ते म्हणाले होते. त्या कारखान्यात आजवर कुठल्याही पाळीला बाई प्रमुख नव्हती. अनुजा त्या दिवशी घरी येताना गाडीत एकटीच मोठमोठ्याने गात आली होती.

आणि आता हे असं झालं. दिवस बेंदराचा, म्हणजे बैलांच्या सणाचा, घरात पुरणाचा वास, आणि जेवताना विषय एकच. राजवीरने दुपारी गाडी स्वतः राजारामपुरीपर्यंत फिरवून आणली होती. रिक्षा, दुचाक्या आणि बस यांच्या मागून वीस-पंचवीसच्या वेगाने जायचं, पेडलला पाय नुसता लावायचा, एवढ्यात गाडीचा दोष कुठला दिसायला!

"ठणठणीत हाय गाडी," तो म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं. शनिवारी न्हाय म्हणून सांगून टाक. जिवापरीस नोकरी मोठी न्हाय."

त्याने किल्ली खिशात घातली. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने.

"पोरीचा हात चांगला हाय," एवढंच तिचे सासरे म्हणाले. पिराजी त्यांचं नाव, घरात सगळे आबा म्हणत. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा आबांनी रान वाट्याने लावलं, बैलजोडी विकली आणि ते शहरात लेकाकडे राहायला आले. इथे त्यांना करमत नसे. अनुजा गाडी शिकत होती तेव्हा घरातलं दुसरं कुणी शेजारी बसायला धजेना. आबा मात्र टोपी नीट करून रोज पहाटे तिच्या शेजारी बसत आणि "दमानं, दमानं" म्हणत. आताही, 'पोरीचा हात चांगला हाय' या त्यांच्या एका वाक्याने तिला धीर आला.

"चार दिवस द्या मला," ती राजवीरला म्हणाली. "शुक्रवारपर्यंत गाडीचा दोष सापडला न्हाय तर मी सोताच न्हाय म्हणून सांगीन. आणि सापडला, तर तुम्ही गाडीत बसायचं. साठच्या वेगाला मी ब्रेक दाबणार, आणि तुम्ही हूं की चूं करायचं न्हाय."

राजवीरने किल्ली ताटाशेजारी ठेवली. आपणच जिंकणार याची त्याला खात्री होती, म्हणून तो उदार झाला.

मंगळवारी ती गाडी हळूहळू चालवत उद्यमनगरात आकाराम मिस्त्रींकडे घेऊन गेली. मिस्त्रींनी पस्तीस वर्षं गाड्या उलगडल्या होत्या आणि आपल्याला सगळं कळतं यावर त्यांचा ठाम विश्वास होता. खरं सांगायचं तर बरंचसं कळतही होतं. त्यांनी आधी चारी चाकांतली हवा मोजली. हवा सारखी होती. मग चाकांची अलाइनमेंट बघितली, तीही बरोबर होती. मग ते स्वतः गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेले आणि परत आले ते डोळे मोठे करूनच.

"ताई, ही वडतीया की ओ! जोरात दाबला की उजवीकडं बैलावाणी उसळतीया!"

अनुजाला त्यांना मिठी मारावीशी वाटली. चार भिंतींच्या बाहेर पहिल्यांदा कुणीतरी तिचं खरं मानलं होतं.

"मग दोष कुठं हाय?"

"त्यात काय अवघड? उजवीकडं वडती म्हंजे उजव्या चाकाचा ब्रेक जादा आवळतोय. उद्या खोलतो."

बुधवारी उजवं पुढचं चाक उतरलं. मिस्त्रींनी चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर पकड घेणारा तो लोखंडी चिमटा सोडवला, त्याच्या पिना साफ करून त्यांना ग्रीस लावलं. खरं तर ग्रीस लावायची गरजच नव्हती, सगळं सुरळीत सरकत होतं. गाडी रस्त्यावर काढली, तर गाडी उजवीकडे. गुरुवारी त्यांनी उजव्या चाकाचे ब्रेक पॅडच नवे टाकले. चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणाऱ्या त्या दोन पट्ट्या. एका चाकाच्या बदलल्या तर दुसऱ्याच्याही बदलायच्या असतात, हे मिस्त्रींना पाठ होतं, पण त्यांचं सगळं लक्ष गुन्हेगारावर होतं. अनुजाने संध्याकाळी चौपदरी रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नाही असं बघून ब्रेक दाबला. गाडी आधीपेक्षा जास्त ओढली!

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हिला कायतरी बाधलंय बघा, ताई."

अनुजा घरी आली, जेवली आणि अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिली. हातात एकच दिवस होता. राजवीर तिकडच्या कुशीवर झोपला होता, आणि विजयी माणूस झोपतो तसा घोरत होता.

ती ताडकन उठून बसली. उजव्या चाकाची दुरुस्ती केली, तर दोष कमी व्हायला हवा होता. तो वाढला. म्हणजे उजवं चाक जितकं चांगलं होतंय तितकी गाडी उजवीकडे जास्त जातेय. मग उजवं चाक वाईट नाहीच! ते बिचारं आपलं काम इमानदारीने करतंय, घट्ट धरून उभं राहतंय. डावंच काही करत नाही. एक बैल थांबला आणि दुसरा चालतच राहिला, तर गाडी थांबलेल्या बैलाच्या अंगावर वळणारच. तीन दिवस ते चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसले होते!

"अहो!" तिने राजवीरला हलवलं. "डावं! डावं चाक हाय!"

"झोप गं," तो म्हणाला.

झोप कुठली येते! शुक्रवारी ती अर्धा तास आधीच कारखान्यात पोचली. भट्टीजवळ एक तापमापक असायचा, पिस्तुलासारखा, लांबूनच नेम धरला की धातू किती तापलाय ते सांगणारा. भट्टीवाल्याकडून तो दुपारपुरता मागून घेतला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आकाराम मिस्त्रींना फोन करून कागलला बोलावलं. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, रस्ते कोरडे होते. एमआयडीसीत एका टोकाला नवे भूखंड पडले आहेत, तिथे दुपारी चिटपाखरू नसतं.

"दाखवा म्हंजे कळंल," मिस्त्री शेजारी बसत म्हणाले. उजव्याबद्दलचा हट्ट त्यांनी अजून पुरता सोडलेला नव्हता.

तिने गाडी पन्नासवर नेली आणि दाबला ब्रेक. पुन्हा पन्नास, पुन्हा ब्रेक. दर वेळी गाडी उजवीकडे, दर वेळी मिस्त्रींचा हात दाराच्या वरच्या दांडीला. दहा वेळा झाल्यावर तिने गाडी उभी केली आणि पळत उजवीकडे गेली. चाकाच्या आऱ्यांतून आतल्या चकतीवर नेम धरला.

"एकशे अठ्ठेचाळीस!"

तिथून वळसा घालून डावीकडे.

"एकसष्ट."

ब्रेक म्हणजे घासणं, आणि जे घासतं ते तापतं. एक चकती चटका देण्याइतकी तापली होती आणि दुसरी नुसती कोमट होती. डावं चाक कामचुकार होतं!

"आयला!" मिस्त्री म्हणाले. "यंत्र बिघडलं नसंल न्हवं?"

"आकडा खरा-खोटा असू दे मिस्त्री, दोन चाकांतला फरक खोटं बोलणार न्हाय. बसा, पुन्यांदा करू."

पुन्हा दहा वेळा केलं. एकशे पंचावन्न आणि त्रेसष्ट. या वेळी तिने दोन्ही आकड्यांचा फोनवर फोटोही काढला. अनुजा भर रस्त्यात लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली, आणि साठीला आलेले आकाराम मिस्त्री टोपी उडवून "धरला! धरला गं बया चोर!" असं ओरडत तिच्याभोवती नाचले. कुंपणापलीकडचा पहारेकरी खुर्चीतून उठून बघत राहिला.

तासाभरात गाडी उद्यमनगरात होती आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच डावं चाक उतरत होतं. मिस्त्रींनी आधी रबरी नळी चाचपली. "ब्रेकचं तेल गळून पट्टीवर आलं असंल," ते म्हणाले, पण नळी कोरडी होती. मग त्यांनी पट्ट्या ओढून काढल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पट्टीचा पृष्ठभाग खरखरीत असायला हवा, तो काचेसारखा गुळगुळीत झाला होता. आणि कडेला, जिथे घासण पोचत नाही तिथे, पिवळ्या रंगाचा चिकट थर होता.

मिस्त्रींनी पट्टी नाकाशी नेली, मग अनुजाच्या हातात दिली. तिने वास घेतला.

शेंगतेल होतं ते. शेंगतेल आणि हळद.

"गाडीला हळद लागली की ओ ताई!" मिस्त्री खो खो हसायला लागले. "नवरदेव कोण म्हणायचा? हे काय गॅरेजातलं तेल न्हाय. हे घरातलंच काम हाय बघा."

अनुजा हसली नाही. तिला रविवारची संध्याकाळ आठवली. बेंदराचा आदला दिवस म्हणजे खांदमळणीचा. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे त्या दिवशी तेल-हळदीने मळतात, चोळतात, बैलाशी दोन शब्द बोलतात. त्या रात्री भांडी घासताना तिच्या हाताला एक पिवळी, तेलकट वाटी लागली होती, आणि तिने काही विचार न करता ती धुऊन ठेवली होती. आबा खाली गाडीपाशी गेले होते. गाडीचं उजवं पुढचं चाक जिन्याच्या भिंतीआड असतं, म्हणून त्यांचा हात पोचला तो फक्त डाव्या चाकापर्यंत. पावसाळी हवेने चकतीवर आलेला तांबूस गंज बघून त्यांचा जीव हळहळला असणार. आऱ्यांतून हात घालून त्यांनी ती चकती मळली. बैल राहिले नव्हते, म्हणून गाडीला मळलं.

मिस्त्रींनी चकती घासून लख्ख केली, नव्या पट्ट्या बसवल्या, आणि तिने गाडी रस्त्यावर काढून, नव्या पट्ट्या नीट बसाव्यात म्हणून आधी हळूहळू आणि शेवटी जोरात ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी सरळ उभी! पुन्हा दाबला, पुन्हा सरळ. आनंदाने तिला रडायला आलं. पण जुन्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी निघाली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं की हळदीचं नाव काढायचं नाही. नळीतून तेल गळत होतं म्हणायचं आणि विषय संपवायचा. राजवीर आबांना फाडून खाईल, आणि आबा जन्मभर स्वतःला खातील. तिला स्वतःची बाजू सिद्ध करायची होती, पण त्यासाठी आबांचा बळी द्यायचा नव्हता.

राजवीर क्लासवरून आलेला होता. आबा खिडकीशी बसून लसूण सोलत होते.

"सापडला," अनुजाने पुडी टेबलावर ठेवली. "डावा ब्रेक धरतच नव्हता. दोन्ही चाकांचा ताप मोजला. ह्यो बघा फोटो. मिस्त्रींना विचारा पायजे तर."

राजवीरने फोटोतले आकडे बघितले. एकदा बघितले, पुन्हा बघितले. भौतिकशास्त्राचा माणूस होता, आकड्यांपुढे त्याचं काही चालेना. "बरं," तो कसाबसा म्हणाला. "पर का धरत नव्हता?"

"नळीतनं तेल गळत होतं," ती खाली बघून म्हणाली.

आबा उठून आले. त्यांनी पुडी उलगडली, पट्टी उचलली, अंगठ्याने पिवळा थर खरवडला आणि नाकाशी नेला. मग ते मटकन खुर्चीत बसले.

"नळीतनं न्हाय," आबा म्हणाले. "म्या मळलं हे. खांदमळणीला. रोज पोरीला न्हेती-आणती ती गाडी, म्हटलं घरातला बैल आता ह्योच की. लई गंज चढला हुता. वाटीभर तेल जिरवलं, पोरी. माझ्या हातनं तू मेली असतीस गं."

"आबा!" राजवीर कडाडला. "अक्कल हाय का तुम्हाला? ब्रेकला तेल? अहो, लहान पोरगं पण..."

"गप बसा!" अनुजा इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचा टीव्ही कुणीतरी बारीक केला. "आबांनी चूक केली ती मायेनं. तुम्ही काय केलं? पाच दिवस मला येत न्हाय, येत न्हाय म्हणून बसला. चाकाकडं एकदा वाकून तरी बघितलं का? घर्षण शिकवता न्हवं पोरांना?"

राजवीरने टेबलावरची पट्टी उचलली आणि तिच्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरवलं.

"चला," तिने किल्ली उचलली. "शब्द दिलाय तुम्ही. आबा, तुम्ही पण."

"म्या गाडीला हात लावणार न्हाय आता," आबा मान हलवत राहिले. "बसणार बी न्हाय."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. "मला गाडी येत नव्हती तवा माझ्या शेजारी कोण बसलं? मी तुम्हाला दहादा भिंतीवर घातलं असतं. तरी बसला की न्हाय? मग आज मला नगं म्हणता?"

आबांनी टोपी घातली.

सहा वाजले होते, पण चांगला उजेड होता. आबा पुढे, राजवीर मागे. नव्या भूखंडांच्या रिकाम्या रस्त्यावर तिने गाडी लावली आणि वेग घेतला. चाळीस. पन्नास. आबांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. साठ झाले, तिने आरशात बघितलं, मागे कुणी नव्हतं, आणि तिने ब्रेक दाबला.

सीटबेल्ट ताठ झाले, तिघंही पुढे झुकले आणि गाडी सुतासारखी सरळ उभी राहिली. आबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यांनी समोर बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"आणि एकदा दाब की!" ते म्हणाले.

तिने आणखी एकदा दाबला. मग आबांनी पुन्हा मागितलं, म्हणून पुन्हा. चौथ्या वेळी तर आबा डोळे सताड उघडे ठेवून, मांडीवर थाप मारत, शर्यतीच्या मैदानात ओरडावं तसे ओरडले. मागे राजवीर दोन्ही हातांनी दांडी धरून बसला होता.

"हात सोड की रं!" आबांनी त्याला मागे वळून दटावलं. "काय हुतंय? पोरगी चालीवतीया न्हवं?"

राजवीरने हात सोडले. पुढे वाकून तो म्हणाला, "चुकलं माझं, अनुजा." आवाज बारीक होता, पण गाडी उभी होती, म्हणून तिघांनाही ऐकू गेला.

अनुजाने फोन काढला आणि साहेबांना लावला. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?

"सर, दुसऱ्या पाळीचं... माझं हो आहे."

पलीकडून साहेबांचा आवाज आला. त्यांना आनंद झाला होता, पण काळजीही वाटत होती. रोज रात्री अकरानंतर एकटीने यायचं, घरच्यांना नीट विचारलंय का, असं ते विचारत होते.

ती उत्तर देणार, इतक्यात आबांनी तिच्या हातातून फोन घेतला, आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसे त्यात ओरडले, "घरचं सगळं गाडीतच बसल्यात की सायेब! कवापासनं यिऊ दे पोरीला, तेवढं सांगा!"